एक टाका, तीन नावे



'पाच फूट दोरी आणा' आणि 'पाच हात दोरी आणा' ही दोन वाक्ये वाचा. पहिल्या वाक्यात घोटाळ्यास फारसा वाव नाही. दुसरे वाक्य ऐकताच 'कोणाचे हात?' असा प्रश्न आपल्या मनात येतो, आणि प्रश्न आला की माणूस विचारून घेतो. घोटाळ्याची खरी जागा तिसरीच असते. शब्द एकच, तो दोघांनाही ठाऊक, पण प्रत्येकाचा अर्थ वेगळा. अशा वेळी कोणीच काही विचारत नाही, कारण आपल्याला कळले आहे अशी दोघांचीही खात्री असते.

याचे सुरेख उदाहरण प्रयोगशाळेत शोधण्याची गरज नाही. ते लोकरीच्या पिशवीत सापडते.

पालघरहून मनोरच्या बाजूला जाताना सूर्या नदीच्या काठी मासवण हे गाव आहे. समजा, या गावातील दोन मैत्रिणींनी सुट्टीत क्रोशाचे विणकाम शिकायचे ठरवले. दोघींच्या सुया सारख्या आणि लोकर एकाच गुंड्यातली. एकीच्या हाती अमेरिकेत तयार झालेला नमुना आला, दुसरीच्या हाती इंग्लंडमधला. दोन्ही कागदांवर सूचना एकच होती : 'डबल क्रोशेचे २० टाके घाला व अशा २० ओळी विणा.' दोघींनी सूचना तंतोतंत पाळली. एकीचा तुकडा जवळजवळ चौरस झाला, तर दुसरीचा जवळजवळ दुप्पट उंचीचा पट्टा! आता दोघींपैकी एकीला नक्की वाटणार, 'माझा हातच वाईट, मला हे जमायचे नाही.' नवशिक्याने एखादी कला सोडून देण्याचे हे अगदी नेहमीचे कारण असते. परंतु येथे दोष हाताचा नाही, शब्दाचा आहे. तो कसा, हे आपण पायरीपायरीने पाहू. सुई व थोडी लोकर हाताशी ठेवून वाचलेत तर उत्तम. मुलांनीही संकोच करू नये. आपल्या किनाऱ्यावर जाळी विणण्याचे काम पुरुष पिढ्यान्‌पिढ्या करीत आलेले आहेत.

टाका म्हणजे काय?

सातपाटीच्या किनाऱ्यावर मासेमारीची जाळी तुम्ही पाहिली असतील. तेथे धागा धाग्याला गाठीने बांधलेला असतो. क्रोशात सुरुवातीची सरकगाठ सोडली तर गाठ नसतेच. धाग्याचा एक फास दुसऱ्या फासातून ओढलेला असतो, दुसरा तिसऱ्यातून, आणि ही परंपरा शेवटच्या फासापर्यंत चालते. फास एकमेकांना अडवून धरतात आणि धाग्या-धाग्यांतील घर्षण त्यांना जागेवर ठेवते. शेवटचा फास सुईवरून काढून धागा ओढला की सगळे काम सरसर उसवते. नवशिक्याच्या दृष्टीने हा मोठाच फायदा आहे. चुकलेला टाका उसवायला काहीच खर्च येत नाही.

आता मूळ क्रिया पाहू. त्या दोनच आहेत : सुईवर धाग्याचा 'वेढा' घेणे आणि तो वेढा फासातून 'ओढणे'. बाकीचे सगळे टाके या दोन क्रियांच्या जोडण्या आहेत. आपल्याकडील प्रचलित नावे येथे वापरली आहेत. घरोघर ती थोडी बदलतात, म्हणून नावापेक्षा कृतीकडे लक्ष द्या.

साखळी : सुईवर एक फास आहे. एक वेढा घ्या व तो फासातून ओढा. पुन्हा एकच फास उरला. एक साखळी झाली.

मुका खांब : सुई खालच्या टाक्यात घाला, वेढा घेऊन ओढून आणा. सुईवर २ फास झाले. पुन्हा वेढा घ्या व दोन्ही फासांतून ओढा.

अर्धा खांब : आधी सुईवर एक वेढा घ्या, मग सुई टाक्यात घाला आणि वेढा ओढून आणा. ३ फास झाले. वेढा घेऊन तिन्हींतून एकदम ओढा.

खांब : अर्ध्या खांबाप्रमाणेच ३ फास करा. वेढा घेऊन दोन फासांतून ओढा, २ उरले. पुन्हा वेढा घेऊन दोन फासांतून ओढा, १ उरला.

लांब खांब : आधी सुईवर दोन वेढे घ्या, मग सुई घालून वेढा ओढून आणा. ४ फास झाले. दोन-दोन फासांतून तीन वेळा ओढा.

कुंपणाचे खांब आणि गाळे

आता याच टाक्यांची परदेशी नावे लिहू.

मुका खांब — अमेरिकेत 'सिंगल क्रोशे', इंग्लंडमध्ये 'डबल क्रोशे'.
अर्धा खांब — अमेरिकेत 'हाफ डबल', इंग्लंडमध्ये 'हाफ ट्रेबल'.
खांब — अमेरिकेत 'डबल क्रोशे', इंग्लंडमध्ये 'ट्रेबल'.
लांब खांब — अमेरिकेत 'ट्रेबल', इंग्लंडमध्ये 'डबल ट्रेबल'.

'डबल' आणि 'ट्रेबल' हे शब्द दोन्ही देशांत आहेत, पण ते एकेक पायरी सरकलेले आहेत. असे का व्हावे? मुका खांब, खांब आणि लांब खांब यांत सुईवर जास्तीत जास्त किती फास जमतात ते पाहा : २, ३, ४. आता ते संपवण्यासाठी किती वेळा ओढावे लागते ते मोजा : १, २, ३. एका वेळी दोन फासांतून धागा ओढला की दोन जाऊन एक नवा येतो, म्हणजे संख्या एकाने कमी होते. त्यामुळे शेवटी एकच फास उरावा यासाठी लागणाऱ्या ओढी फासांच्या संख्येपेक्षा नेहमी एकाने कमी असतात. इंग्लंडमधील 'डबल' व 'ट्रेबल' ही नावे फासांच्या २ व ३ या संख्यांशी जुळतात. अमेरिकेतील 'सिंगल, डबल, ट्रेबल' ही नावे ओढींच्या १, २, ३ या संख्यांशी जुळतात.

कुंपण घालताना हाच घोटाळा होतो. पाच खांब रोवले तर मधले गाळे चारच होतात. एकाने खांब मोजले, दुसऱ्याने गाळे मोजले, तर दोघांचीही मोजणी बरोबर असते आणि तरीही उत्तरे जुळत नाहीत. 'काय मोजले' हे सांगितल्याशिवाय नुसता आकडा निरर्थक आहे.

नमुना कोणत्या देशातला, हे कसे ओळखावे?

कागदावर देशाचे नाव नसले तरी पुरावा शोधता येतो. 'सिंगल क्रोशे' हा टाका मुख्य विणीसाठी सांगितला असेल तर पद्धत अमेरिकेची, कारण आजच्या ब्रिटिश पद्धतीत या नावाचा टाका नाही. फक्त 'डबल' हा शब्द असेल तर ओळीच्या सुरुवातीच्या साखळ्या मोजा. नवी ओळ सुरू करताना टाक्याच्या उंचीइतक्या साखळ्या घालतात : मुक्या खांबाला १, अर्ध्या खांबाला २, खांबाला ३, लांब खांबाला ४. म्हणून 'डबल'च्या ओळीआधी ३ साखळ्या सांगितल्या असतील तर तो खांब आहे, म्हणजे नमुना अमेरिकी पद्धतीचा. १ साखळी असेल तर तो मुका खांब, म्हणजे ब्रिटिश पद्धतीचा. नाव फसवे असले तरी माप खरे बोलते.

गोल रुमाल की वाटी?

चुकीचा अर्थ घेतला तर काय होते, हे गोल रुमालात फार स्पष्ट दिसते. गोल विणताना मध्यापासून फेरी-फेरीने बाहेर जातात. प्रत्येक फेरीत काही टाके वाढवावे लागतात. किती? हे तुम्हीच काढू शकता.

वर्तुळाचा परीघ म्हणजे त्रिज्येची २ पायपट, आणि पायची किंमत सुमारे ३.१४. एका फेरीने त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते. म्हणून परीघ त्या उंचीच्या ६.२८ पटीने वाढतो. मुक्या खांबाची उंची साधारण त्याच्या रुंदीइतकीच असते. म्हणजे दर फेरीला सुमारे ६ टाके जास्त हवेत. म्हणूनच नमुन्यांत फेऱ्या ६, १२, १८, २४ अशा वाढतात. खांबाची उंची साधारण रुंदीच्या दुप्पट धरली तर ६.२८ ची दुप्पट, म्हणजे सुमारे १२ टाके दर फेरीला वाढवले पाहिजेत. नमुन्यांतही फेऱ्या १२, २४, ३६ अशाच असतात. भूमितीतला पाय येथे आजीच्या रुमालात बसलेला आहे!

आता ब्रिटिश नमुन्यातील 'डबल'च्या ६, १२, १८ या फेऱ्या अमेरिकी अर्थाने, म्हणजे खांबांनी विणल्या तर? १२ टाके हवेत तेथे ६ मिळाले. परीघ पुरत नाही, काठ वर उचलला जातो आणि रुमालाची वाटी होते. उलट १२ च्या हिशेबाचा नमुना मुक्या खांबांनी विणला तर परीघ जास्त होतो आणि काठाला झालर पडते.

ही झालर म्हणजे नुसता बिघाड समजू नका. गणितात अशा पृष्ठभागाला 'अतिपरवलयी' पृष्ठभाग म्हणतात. तेथे त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा कमी भरते. कागदाची अशी प्रतिकृती लवकर फाटते. लाटव्हियात जन्मलेल्या गणितज्ञ डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात असताना हा पृष्ठभाग क्रोशाने विणून दाखवला. रीत सोपी आहे : ठरावीक टाक्यांनंतर एक टाका जास्त घालत जायचे. दर पाच टाक्यांमागे एक टाका वाढवला तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या १.२ पट होते, आणि २० ओळींनंतर टाके मूळच्या सुमारे ३८ पट होतात. चक्रवाढ व्याजाचे सूत्र आठवले ना? ते हेच.

आकडा मोठा, वस्तू बारीक

टाक्यांची नावे झाली. आता सुईचे क्रमांक पाहू. ४ मिलिमीटर जाडीची सुई अमेरिकेत 'जी', जुन्या ब्रिटिश पद्धतीत '८' आणि जपानमध्ये '७/०' या क्रमांकाने ओळखली जाते. ५ मिलिमीटरची सुई अमेरिकेत 'एच', जुन्या ब्रिटिश पद्धतीत '६', जपानमध्ये '८/०'. जरा नीट पाहा. सुई जाड झाली तेव्हा जपानी आकडा वाढला, ब्रिटिश आकडा मात्र घटला! आपल्या बाजारातील सुयांवर यांपैकी कोणताही क्रमांक असू शकतो, आणि कधी कधी कोणताच नसतो.

धाग्याच्या क्रमांकाचेही तसेच आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे कारखाने आहेत. तेथे काम करणाऱ्यांना विचारा, '२० नंबर'चे सुती सूत जाड की '४० नंबर'चे? २० नंबरचे जाड. कारण सुताचा हा क्रमांक लांबीवरून ठरतो : एका पौंडात ८४० यार्डांच्या जेवढ्या लडी बसतील तेवढा क्रमांक. सूत बारीक तितकी लांबी जास्त, म्हणून आकडा मोठा. कृत्रिम धाग्याचे 'डेनियर' हे माप मात्र ९,००० मीटर धाग्याचे वजन ग्रॅममध्ये सांगते. तेथे आकडा मोठा म्हणजे धागा जाड. एक व्यस्त प्रमाण, दुसरे सम प्रमाण. क्रोशाच्या सुती दोऱ्याचा क्रमांकही उलट्या पद्धतीनेच चालतो. १० नंबरपेक्षा ४० नंबरचा दोरा बारीक.

या सगळ्यावर एक साधा उपाय आहे : मोजा.

प्रयोग १. सुईच्या दांड्यावर शिवणाच्या बारीक दोऱ्याचे १० वेढे एकमेकांना चिकटून घ्या. सुरुवात व शेवट यांवर पेनाने खूण करा. दोरा सोडून खुणांमधील लांबी मिलिमीटरमध्ये मोजा व तिला ३१.४ ने भागा. सुईची जाडी मिळाली. उत्तर किंचित जास्त येईल, कारण त्यात दोऱ्याचीही जाडी मिसळलेली आहे. शाळेत व्हर्निअर कॅलिपर असेल तर पडताळा घ्या.

प्रयोग २. काही विणकर 'घट्ट हाताचे' असतात, काही 'सैल हाताचे'. म्हणून चांगल्या नमुन्यात '१० सेंटिमीटरमध्ये २० टाके' असे प्रमाण दिलेले असते. १५ सेंटिमीटर बाजूचा तुकडा विणा व मधल्या १० सेंटिमीटरमधील टाके मोजा. कडा सोडा, तेथे वीण ओढली जाते. समजा, तुमचे १८ टाके आले. १०० टाक्यांची पट्टी ५० सेंटिमीटर व्हायला हवी होती, ती सुमारे ५५.५ सेंटिमीटर होईल. मग थोडी बारीक सुई घेऊन पुन्हा तुकडा विणा. तराजू वापरण्यापूर्वी आपण काटा शून्यावर आणतो, तसेच हे. येथे आपला हात हेच उपकरण आहे आणि उपकरण आधी तपासून घेणे हा कमीपणा नव्हे.

शब्दांशिवाय सूचना

जपानी नमुन्यांनी या अडचणीतून वेगळी वाट काढली आहे. त्यांत वाक्ये थोडी आणि आकृती मोठी असते. लहान लंबवर्तुळ म्हणजे साखळी. फुली म्हणजे मुका खांब. इंग्रजी 'टी' अक्षरासारखी खूण म्हणजे अर्धा खांब. त्याच खुणेच्या दांड्यावर एक तिरकी रेघ म्हणजे खांब, दोन रेघा म्हणजे लांब खांब. सुई टाक्यात घालण्यापूर्वी किती वेढे घ्यायचे तितक्या रेघा, हे खांब व लांब खांब यांच्यासाठी लक्षात ठेवा. खूण जितकी उंच, टाकाही तितका उंच. अशा खुणांना जपानच्या राष्ट्रीय औद्योगिक मानकात स्थान आहे. आकृतीतील ओळी खालून वर आणि गोल नमुना मध्यापासून बाहेर वाचतात.

विद्युत मंडलाची आकृती तुम्ही काढता, तेव्हा घट, दिवा व रोध यांच्या खुणा पाहून कोणत्याही देशातील विद्यार्थ्याला ती जोडणी करता येते. क्रोशाची आकृतीही तशीच. जपानी भाषेचे एक अक्षरही न येणारी मासवणची मुलगी तिच्यावरून रुमाल विणू शकते.

याची किंमत कोण मोजतो?

'रुमालाची वाटी झाली तर उसवू, त्यात काय मोठेसे?' असे कोणी म्हणेल. पण सगळ्याच गोष्टी उसवता येत नाहीत. मासेमारीच्या जाळ्यातील भोकाला 'आस' म्हणतात. आसाचा आकार लगतच्या दोन गाठींमधील अंतरावरून सांगता येतो, किंवा जाळे ताणून समोरासमोरच्या गाठींमधील अंतरावरूनही. दुसरे माप पहिल्याच्या दुप्पट येते. '४० मिलिमीटर' एवढेच सांगितले आणि कोणते माप ते सांगितले नाही, तर एका अर्थाने मोठी मासळीच सापडेल आणि दुसऱ्या अर्थाने लहान पिल्लेही जाळ्यात येतील. पुढच्या हंगामाची मासळी या फरकावर अवलंबून असते.

२३ जुलै १९८३ रोजी कॅनडातील एका प्रवासी विमानाचे इंधन हवेतच संपले. त्याला २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. हिशेबात किलोग्रॅमऐवजी पौंडाचे गुणक वापरले गेले आणि विमानात सुमारे २२,३०० पौंडच इंधन होते, म्हणजे गरजेच्या निम्म्याहूनही कमी. वैमानिकांनी दोन्ही इंजिने बंद पडलेले ते विमान तरंगत आणून गिम्ली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले व सर्वांचे प्राण वाचले. आकडा बरोबर होता, एकक चुकले होते.

आपल्याकडे शेर, पायली, मण ही मापे गावोगाव वेगळी होती. 'कच्चा शेर की पक्का शेर?' हे न विचारणारा शेतकरी नाडला जाई. १९५६ मध्ये कायदा होऊन मेट्रिक मापे देशभर लागू होत गेली, त्यामागे हीच निकड होती.

तेव्हा मित्रहो, कोणत्याही देशाचा नमुना हाती आला तर आधी आपल्या वहीत त्याचे कोष्टक करा : त्यांचे नाव, आपले नाव, किती वेढे, किती ओढी, सुरुवातीच्या किती साखळ्या. मग एक लहान तुकडा विणून मोजा. आणि तरीही काम बिघडले तर 'मला येत नाही' असे म्हणण्यापूर्वी सूचना पुन्हा तपासा. शिक्षकांनाही एक विनंती आहे. मुलाचे उत्तर चुकले, तर त्याने प्रश्नातील शब्दाचा कोणता अर्थ घेतला होता, हे एकदा विचारून पाहावे. पुष्कळदा त्याने खांब मोजलेले असतात आणि आपण गाळे.

विचार करा

१. लांब खांबाची उंची रुंदीच्या तिप्पट धरली, तर सपाट गोलासाठी दर फेरीला किती टाके वाढवावे लागतील?

२. मुक्या खांबांच्या ६, १२, १८... अशा १० फेऱ्यांच्या रुमालात एकूण किती टाके असतील?

३. प्रयोग २ मधील सैल हाताच्या विणकराने तितकेच टाके घालून तितक्याच ओळी विणल्या. तिचे टाके उंचीलाही त्याच प्रमाणात मोठे आहेत. तुकड्याचे क्षेत्रफळ सुमारे २३ टक्क्यांनी वाढेल. मग लोकरही २३ टक्के जास्त लागेल का? (एका टाक्यातील धाग्याची लांबी कोणत्या प्रमाणात वाढेल, ते आधी ठरवा.)